प्रयोग आमच्यावर, खर्चही आमचाच?

सांध्यांतली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, आणि मणक्यांमधली वाळत चाललेली गादी पुन्हा पूर्ववत करता येईल का, या प्रश्नावर जगभर गंभीर संशोधन चालू आहे, आणि त्याच प्रश्नाच्या तयार उत्तराची विक्री आपल्या कोकणात त्या संशोधनापेक्षा अधिक वेगाने चालू आहे. एसटी स्थानकांच्या भिंतींवर, स्थानिक केबलवर आणि गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘शस्त्रक्रियेविना गुडघेदुखीपासून मुक्ती’ किंवा ‘मणक्यातील गॅपवर स्टेम सेल’ अशी आश्वासने फिरत असतात. स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, ज्यांपासून शरीरातल्या इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात. झीज भरून काढू पाहणाऱ्या या विद्येला माझा विरोध नाही. उलट तिच्याकडून ज्यांनी सर्वाधिक आशा धरावी अशी माणसे याच किनाऱ्यावर राहतात, असे मला वाटते. माझा आक्षेप आहे तो संशोधन आणि व्यापार यांमधली रेषा पुसून टाकण्याला. जे अजून सिद्ध झालेले नाही त्याचे पैसे रुग्णाकडून घेतले जाऊ नयेत, आणि जे सिद्ध करायचे आहे ते आमच्यासारख्या कष्टकरी शरीरांवर, आमच्या कामाच्या मापाने, विनामूल्य आणि उघडपणे सिद्ध करून दाखवले जावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

हर्णै बंदरात लिलाव उरकल्यावर मासळी घेऊन निघणारी बाई पाटी कशी उचलते हे जवळून पाहिले, तर गुडघा आणि कंबर यांच्यावर काय येऊन पडते ते लक्षात येते. ती आधी उकिडवी बसते, शेजारणीच्या हाताने पाटी मांडीपर्यंत आणते, एक गुडघा पुढे काढून त्यावर क्षणभर टेकवते, आणि मग एका हिसक्यात डोक्यावरच्या चुंबळीवर चढवून ओल्या वाळूतून चालू लागते. लावणीच्या दिवसांत बायका चिखलात कमरेतून वाकून, मागे मागे सरकत, सकाळपासून दिवे लागेपर्यंत रोपे टोचत असतात. चिरेखाणीत चिरा कापायला यंत्र आले असले, तरी तीस किलोच्या आसपासचा तो दगड ट्रकात चढवायला बहुतेक ठिकाणी अजून माणसाचीच पाठ लागते.

मात्र ‘ओझ्याने गादी झिजली’ हे आपल्याला जितके उघड वाटते तितके ते सरळ नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले की, मणक्यांच्या चकत्यांच्या, म्हणजे याच गाद्यांच्या, झिजेत आयुष्यभराच्या अंगमेहनतीचा वाटा लहान आणि आनुवंशिकतेचा वाटा त्याहून कितीतरी मोठा असतो. गुडघ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि त्याच जोडीला वजन उचलणे यांचा गुडघ्याच्या झिजेशी असलेला संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. तेव्हा खाणीतला कामगार आणि मुंबईत कारकुनी करणारा त्याचा भाऊ यांच्या कमरेचा एमआरआय शेजारी शेजारी लावला, तर कदाचित फारसा फरक दिसणार नाही. फरक आहे तो त्या कमरेकडून उद्या सकाळी कोणते काम करून घ्यायचे आहे यात, आणि ते काम झाले नाही तर घरात चूल कशी पेटणार यात.

ही ऊती आपोआप का भरून येत नाही, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. मणक्यांमधली गादी हा मानवी शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला सर्वांत मोठा भाग आहे. तिच्या गाभ्यातल्या मोजक्या पेशींना प्राणवायू आणि साखर मिळते ती वरच्या-खालच्या मणक्यांच्या कडांतून हळूहळू झिरपून. वयाबरोबर त्या कडा कठीण होत जातात, झिरपणे मंदावते, आतले वातावरण आम्लधर्मी होते आणि आहेत त्या पेशीही मरू लागतात. अशा ठिकाणी बाहेरून लाखो नव्या पेशी सुईने सोडणे म्हणजे उघड्या कातळावर हापूसचे कलम ठेवून येण्यासारखे आहे. आपल्याकडे कातळात बाग करणारा माणूस आधी सुरुंग लावून खड्डा घेतो आणि बाहेरून माती आणून भरतो, तेव्हा कुठे कलम धरते. गादीच्या संशोधनातली आजची खरी झुंज ही पेशी कोणत्या घ्याव्यात याइतकीच त्या पेशी तिथे जगाव्यात कशा, याची आहे. सांध्यातल्या कूर्चेलाही रक्तपुरवठा नाही. एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते, आणि त्यानंतरची अडीचशे वर्षे वैद्यकाला त्यावर फारसे काही करता आले नाही.

ही कोंडी थोडीशी फुटली ती १९९४ मध्ये. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चेतून पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, गुडघ्यातल्या खड्ड्यात परत बसवल्या आणि २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पद्धतीची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाली. परंतु ती ज्या गुडघ्यासाठी आहे तो अपघाताने किंवा खेळताना एका जागी कूर्चा उखडलेला, बहुधा तरुण गुडघा. साठीच्या बाईचा सगळीकडून झिजलेला, वाकडा झालेला गुडघा नव्हे. जाहिरातीत हे दोन्ही गुडघे एकाच चित्रात दाखवतात आणि इथेच पहिली फसगत होते.

सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यासाठी काय हाती आहे, याचे उत्तर संमिश्र आहे. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून तयार केलेल्या औषधाला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये गुडघ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे सौम्य ते मध्यम, झिजेसाठी मंजुरी दिली. त्यामागे १४६ रुग्णांची, तुलनागट असलेली, म्हणजे हे औषध न मिळालेल्या रुग्णांशीही ताडून पाहणारी, चाचणी होती. आपल्या देशात झालेल्या या कामाचे मोल मी कमी लेखत नाही, पण वर्षभराच्या पाठपुराव्यावर कायमचा भरवसा ठेवता येत नाही, आणि एका मंजूर औषधाच्या नावावर कुठल्याही दवाखान्यात पोटाच्या चरबीतून काढून टोचलेल्या पेशी खपवता येत नाहीत, एवढे तरी मान्य व्हावे. कारण २०२३ मध्ये अमेरिकेत पावणेपाचशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तीन प्रकारच्या पेशी-उपचारांची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली गेली. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेचा अर्क होता, चरबीतल्या पेशी होत्या आणि नाळेतल्या पेशीही होत्या. वर्षअखेर त्यांतला एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

कोकणात सर्रास विकले जाते ते मात्र पीआरपी, म्हणजे रुग्णाचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेट्सनी समृद्ध भाग सांध्यात टोचणे. त्याविषयीची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातील चाचणी थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ जणांना आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने देण्यात आली. रक्त सगळ्यांचेच काढले, सुई सगळ्यांनाच टोचली; पण निम्म्यांच्या गुडघ्यात पीआरपी गेले आणि उरलेल्यांच्या गुडघ्यात नुसते सलाईन, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते, टोचणाऱ्यालाही नव्हते. वर्षभराने शून्य ते दहाच्या मापावर पीआरपी गटाची वेदना सरासरी २.१ ने आणि सलाईन गटाची १.८ ने उतरली, म्हणजे फरक नाहीच म्हणा. एमआरआयवर मोजलेली कूर्चा दोन्ही गटांत सारखीच घटत राहिली. पीआरपीच्या बाजूने बोलणाऱ्या लहान चाचण्याही आहेत आणि तयार करण्याची पद्धत, प्लेटलेट्सचे प्रमाण यांवरून तज्ज्ञांत वाद संपलेला नाही, हेही सांगायला हवे. पण मला या चाचणीतले महत्त्वाचे वाटते ते सलाईनवाल्यांचे बरे वाटणे. गावातली एखादी आजी ‘मला सुईने फरक पडला’ असे सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. वेदना मुळातच चढत-उतरत असते, माणूस ती सर्वांत चढलेली असतानाच डॉक्टरकडे जातो, आणि काळजीने टोचलेल्या सुईचाही काही परिणाम होतोच. तिचा अनुभव खरा असतो, तरी त्यावरून औषध खरे ठरत नाही, आणि हा भेद करण्याचे तुलनागटाखेरीज दुसरे साधन वैद्यकाकडे नाही.

मणक्याच्या बाबतीत चित्र आणखी अपुरे आहे. ऑस्ट्रेलियाच्या मेसोब्लास्ट कंपनीने दीर्घकाळच्या कंबरदुखीवर, चकतीत पेशी सोडून, ४०४ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी केली. आधी ठरवलेले मुख्य उद्दिष्ट त्यात गाठले गेले नाही, काही रुग्णांत वेदना कमी झाल्याचे संकेत मिळाले, आणि ते पडताळण्यासाठी कंपनीने पुन्हा नवी चाचणी हाती घेतली. ही अपयशाची गोष्ट असली तरी सचोटीची आहे. उद्दिष्ट आधी लिहून ठेवले होते म्हणून तर ते हुकले हे जगाला कळले.

मोजायचे काय, हा प्रश्न मला या सगळ्यात मध्यवर्ती वाटतो. स्प्रिफर्मिन नावाच्या औषधाची ५४९ रुग्णांवरील चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा सर्वाधिक मात्रेच्या गटात गुडघ्यातली कूर्चा दोन वर्षांत खरोखर जाड झाल्याचे, आणि सलाईनसारखे निष्क्रिय इंजेक्शन घेतलेल्यांच्या तुलनेत मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतका फरक पडल्याचे दिसले, पण वेदनेत त्या इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही. कूर्चा वाढली, दुखणे होते तिथेच राहिले. मणक्याचेही तसेच आहे. कंबर कधीही न दुखलेल्या लोकांच्या एमआरआय-सीटी चित्रांचा २०१५ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसतेच. म्हणजे चित्रातली झीज आणि माणसाचे दुखणे यांची सांगड वाटते तितकी घट्ट नाही, आणि ज्या विक्रेत्याच्या हातात केवळ चित्र आहे तो आपल्याला बहुधा आपले वयच दाखवत असतो.

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, मे महिन्याच्या अखेरीस, आंब्याचे पैसे नुकतेच हातात आलेले असताना, मंगल कार्यालयात भरलेल्या एका ‘मोफत तपासणी शिबिरा’ला मी शेजारच्या काकींबरोबर गेलो होतो. एक्स-रे उजेडावर धरून एका तरुण सल्लागाराने ‘गॅप संपत आलाय, वाटीला वाटी घासतेय’ असे सांगितले आणि दोन्ही गुडघ्यांचे पॅकेज समोर ठेवले. काकींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “लावणीक वाकाक जमतला मां माका?” त्यावर ‘नव्वद टक्के रुग्णांना फरक पडतो’ असे उत्तर आले. कोणते रुग्ण, कशात फरक, किती दिवसांनी, कोणाच्या तुलनेत, यांपैकी काहीही त्या उत्तरात नव्हते. संमतीपत्र इंग्रजीत होते आणि त्यावर सही कुठे करायची तेवढे पेन्सिलीने फुलीने दाखवले होते. त्या माणसाला दोष देऊन भागणार नाही, कारण काकींनी विचारलेला प्रश्न मोठमोठ्या चाचण्यांतही सहसा कोणी विचारलेला नाही. वेदनेचे आकडे आहेत, जिने चढण्याचे आहेत, खुर्चीतून उठण्याचे आहेत. चिखलात वाकून दिवस काढता येतो का, उकिडवे बसून मासळी कापता येते का, डोक्यावर पाटी घेऊन घाटी उतरता येते का, याची मोजदाद त्यांत दिसत नाही.

यात कायद्याचा प्रश्नही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा मान्यता नसलेला वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. त्याबाहेर तो गैरवर्तन ठरतो. परिषदेच्या त्याच वर्षीच्या नैतिक तत्त्वांनुसार संशोधनापोटी होणारा खर्च सहभागी रुग्णावर लादता येत नाही, आणि २०१९ च्या नव्या नियमांनी चाचणीत इजा झाल्यास उपचार व भरपाईची जबाबदारी चाचणी घेणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे प्रयोग म्हणून तीच सुई टोचली तर ती मोफत मिळते, वर नैतिक समितीचे लक्ष असते आणि इजेला भरपाई असते. उपचार म्हणून टोचली तर पैसे पडतात आणि यांपैकी एकही संरक्षण उरत नाही. जे सिद्ध नाही त्याला उपचार म्हणण्याचे आकर्षण कुठून येते, ते यावरून कळावे. पीआरपी तर मूलपेशींत मोडतच नाही, त्यामुळे पेशी-उपचारांसाठीची ही चौकट त्याला जशीच्या तशी लागत नाही, आणि त्या फटीतूनच बराचसा धंदा चालतो.

कुपीत नेमके काय आहे, हा प्रश्नही किरकोळ नाही. दक्षिण कोरियात २०१७ मध्ये गुडघ्यासाठी मंजूर झालेल्या इन्व्होसा या पेशी-औषधात कूर्चेच्या म्हणून सांगितलेल्या पेशी प्रत्यक्षात मूत्रपिंडापासून आलेल्या पेशीवंशाच्या निघाल्या, आणि २०१९ मध्ये त्याची मंजुरी रद्द झाली. कडक नियंत्रण असलेल्या देशात, मोठ्या कंपनीच्या हातून हे घडले. मंगल कार्यालयातल्या कुपीची तपासणी कोणी करायची?

याला उत्तर म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली ही की, नवी विद्या अशीच पुढे येते. पहिला रुग्ण कोणीतरी असावाच लागतो. खरे आहे, पण गोथेनबर्गच्या २३ रुग्णांचे काय झाले ते सगळ्या जगाला वाचता आले, आपल्या शिबिरांतून सुया घेऊन गेलेल्या माणसांचे काय झाले ते शेजारच्या तालुक्यालाही कळत नाही. ज्यातून काहीच शिकले जात नाही त्याला प्रयोगही म्हणता येणार नाही. दुसरे म्हणणे अधिक जिव्हाळ्याचे आहे: सांधेबदलाची भीती वाटते, त्यासाठी गोवा, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते, त्यानंतर मांडी घालून बसता येईल की नाही याची धास्ती असते, आणि इतक्यात सुईने चार महिने जरी बरे गेले तरी काय वाईट? वाईट हे की, त्याच पैशांत वर्षभराचा फिजिओथेरपिस्ट परवडला असता. मांडीचे स्नायू बळकट करणे आणि वजन उतरवणे यांमागचा पुरावा आज कुठल्याही पेशी-इंजेक्शनपेक्षा भक्कम आहे, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कुपी नाही. शिवाय सांध्यात शिरलेली सुई कधी कधी जंतूही घेऊन जाते, आणि मणक्यात नस दबून पायाची ताकद खरोखर जात असलेल्या रुग्णाचे महत्त्वाचे महिने सुयांच्या तारखा सांभाळण्यात निघून जातात.

कोकणात असे संशोधन कुठे होणार, असे विचारणाऱ्यांना मी महाडचे उदाहरण देतो. लाल विंचवाच्या दंशाने आपल्याकडे मुले पटापट दगावत होती त्या काळात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, आणि पुढे २०११ मध्ये ७० रुग्णांची रीतसर तुलनात्मक चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. ती तालुक्याच्या गावी झाली, इथल्याच दुखण्यावर झाली आणि तिचा उपयोग इतर देशांनाही झाला. आज अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली आहेत, डेरवणला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा गुडघा आणि कंबर यांवरच्या बहुकेंद्री चाचण्यांत यांपैकी एकालाही स्थान नसावे, याला आता सबब उरलेली नाही. त्यांनी पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्यात अशी माझी अपेक्षा नाही, तो खर्च आणि ती साधने वेगळी आहेत. पण मंजूर झालेल्या औषधाचा इथल्या खाण कामगारांवर, मासळी विकणाऱ्या बायकांवर तीन-चार पावसाळे पाठपुरावा करणे, सलाईन आणि व्यायाम यांच्याशी त्याची तुलना करणे, आणि लावणी किती दिवस करता आली, पाटी किती वजनाची उचलता आली हे चाचणीचे अधिकृत माप म्हणून आधी लिहून ठेवणे, हे त्यांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी सरकारने निधी द्यावा, आणि जी कंपनी इथे माल विकू पाहते तिच्याकडून त्यात वाटा घ्यावा.

तोवर करण्याजोगे एक काम मात्र कुठल्याही निधीवाचून होऊ शकते. शिबिरासाठी सभागृह देणाऱ्या नगरपंचायतीने, ग्रामपंचायतीने किंवा मंडळाने आयोजकांकडून तीन कागद आधी मागावेत: चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला तिचा नोंदणी क्रमांक, जो इंटरनेटवर कोणालाही फुकट पडताळता येतो, औषध असेल तर त्याच्या मंजुरीची प्रत आणि ती कोणत्या श्रेणीच्या झिजेसाठी आहे याचा स्पष्ट उल्लेख, आणि संमतीपत्र मराठीत. यांपैकी पहिल्या दोहोंतला एकही कागद नसेल, तर सभागृह देऊ नये आणि तसे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवावे. भाद्रपदात चाकरमानी गावी येतात, आईचे गुडघे पाहून मुलांचा जीव तुटतो आणि खिशात बोनसचे नाहीतर सुट्टीचे पैसे असतात, हे शिबिरे भरवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्यामुळे ही विचारणा करणारी पत्रे श्रावणातच निघायला हवीत.